तिसऱ्या ट्यूबच्या पुढे

मॅडम, कॉलेजात तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं आता मी सोडून कोणी उरलेलं नाही. तुमच्या वेळचे प्रयोगशाळेतले काका निवृत्त होऊन चिपळूणला मुलाकडे राहायला गेले, ऑफिसातल्या बाई पुण्याला लेकीकडे. खिडकीजवळची तुमची जागा माझ्याकडे आली. खुर्ची नवी आहे, चाकांची, पण खिडकीतून दिसणारा फणस तोच. मुलं मला 'मॅडम' अशी हाक मारतात, आणि इतक्या वर्षांनंतरही एखाद्या वेळी ती हाक ऐकून मी दाराकडे बघते, तुम्ही आलात की काय म्हणून. तुम्हाला एक बातमी द्यायची आहे. एका वाक्यात सांगता येईल अशीच आहे, पण तुम्हीच म्हणायचात की निकाल आधी आणि पद्धत नंतर सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. तेव्हा पद्धतीपासून सांगते. सावकाश.

सगळ्यात आधी आठवते ती भाट्याची खाडी. ओहोटी लागलेली आहे, कांदळवनाची मुळं चिखलातून वर आली आहेत, आणि तुम्ही साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात काळे गमबूट घालून सगळ्यांच्या पुढे चालता आहात. मागून आम्ही मुली, हातात बरण्या, चपला कुठेतरी काठावर ठेवलेल्या, प्रत्येक पावलाला पाय रुततोय. पलीकडे मुळे-शिंपल्या खणणाऱ्या बायका बसल्या आहेत. त्यांच्यातली एक हात न थांबवता विचारते, "बाय, काय गावला?" तुम्ही म्हणता, "चिखल गावला." "चिखलाचा काय करनार?" "वाढवनार," तुम्ही तिच्याच हेलात सांगता, "पोरासारखा." त्या बायका बराच वेळ हसत राहतात आणि तुम्हीही. वर्गात तुमचं मराठी छापील पुस्तकासारखं असायचं. खाडीवर उतरलात की गुहागरची मुलगी बाहेर यायची.

त्या काळ्या चिखलावर कुठे कुठे बुरशी धरावी तसा पांढरा थर होता. आम्हाला बुरशीच वाटली. तुम्ही चिमट्याने त्यातलं इवलंसं उचललंत, बाटलीत घातलंत, आणि कॉलेजात आल्यावर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली लावलंत. मला म्हणालात, "बघ. काय दिसतंय ते सांगू नकोस, नुसतं बघ." लांबच लांब दोरे होते. दोऱ्यांच्या आत गंधकाचे कण मण्यांसारखे भरलेले, चमकणारे. आणि ते दोरे सरकत होते. पाय नाहीत, शेपूट नाही, तरी एकमेकांवरून, कसलीही घाई नसल्यासारखे सरकत होते. मी मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, पान वाढल्यावर रांधणारं माणूस पहिला घास घेणाऱ्याकडे बघतं तसं.

दोऱ्यांसारख्या त्या जिवाणूंना तुम्ही 'हट्टी' म्हणायचात. हट्टी आज काय म्हणतात, हट्टींना गंधक कमी पडलं का, असं. चिखलातून वर येणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू खालून, आणि हवेतला प्राणवायू वरून, या दोहोंच्या मधल्या बारीकशा रेषेवर ते जगतात, हे आम्हाला तुम्ही शिकवलंत. तशीच जागा तुम्ही काचेच्या ट्यूबमध्ये तयार करायचात, तळाला गंधकाचा थर, वर अगारची पातळ जेली. पहिल्या ट्यूबमध्ये काही दिवसांत मधोमध पांढरी चकती धरायची, पतंगाच्या कागदासारखी पातळ. ती दाखवायला तुम्ही इतिहासाच्या सरांनासुद्धा ओढून आणायचात. मग त्यातलं थोडं दुसऱ्या ट्यूबमध्ये घालायचं. तिथे चकती अंधुक व्हायची. आणि तिसऱ्या ट्यूबमध्ये काहीही नाही. दर वेळी हेच. तुम्ही मीठ बदललंत, अगार बदललंत, गंधक कमी केलंत, वाढवलंत, यीस्टचा अर्क घातलात. तिसऱ्या ट्यूबच्या पुढे हट्टी कधी गेले नाहीत. तुमची पीएचडी या दोऱ्यांवरच होती, आणि शुद्ध कल्चर, फक्त त्यांचीच भेसळ नसलेली वाढ, हातात आल्याशिवाय ती पुढे सरकणार नव्हती.

तुमचे मार्गदर्शक मुंबईहून आले होते तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. आम्ही दोघी-तिघी बाजूच्या टेबलावर काचपट्ट्या धूत होतो. त्यांनी तुमच्या ट्यूब एकेक करून उजेडात धरल्या, परत ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, तुमच्या हातात कल्चर टिकत नाही. कुठेतरी स्वच्छता कमी पडते." आवाज चढवला नाही, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले. तुम्ही "हो सर" म्हणालात आणि काकांना त्यांच्यासाठी चहा सांगितलात. ते गेल्यावर तुम्ही बेसिनपाशी गेलात आणि हात धुतलेत. साबण लावून, कोपरापर्यंत. पुसलेत, आणि परत धुतलेत. पुढे नोंदणीची मुदत संपली ती तुम्ही वाढवून घेतली नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणालात, "मला काय, खाडी आहे, तुम्ही आहात." आणि लगेच कुणाला तरी काचपट्टी नीट धरली नाही म्हणून रागावलात.

मलाही एकदा चांगलंच रागावला होतात. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प. माझ्या काही प्लेटांवर काहीच उगवलं नव्हतं, म्हणून मी त्या टाकून देण्याच्या बादलीत घातल्या आणि लिहिलं, नमुन्यात जिवाणू नव्हते. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"जिवाणू नव्हते, की उगवले नाहीत?"

"एकच ना, मॅडम."

"एकच? आज तास संपेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. मग तू वर्गात नव्हतीस असं लिहू मी?"

बाकीच्या हसल्या. माझे कान तापले. तुम्ही त्या सगळ्या प्लेटा बादलीतून काढायला लावल्यात आणि प्रत्येक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावलात. प्रत्येकात काही ना काही वळवळत होतं. मी तुमच्याशी बोलायचं बंद केलं. तुम्ही दोन-तीन दिवस काही दाखवलं नाहीत, आणि मग एका सकाळी माझ्या टेबलावर करवंदं ठेवून म्हणालात, "राग गेला असेल तर खा. नसेल गेला तरी खा, उद्यापर्यंत राहायची नाहीत."

आणि मग तुम्ही आमच्या गावी, नाट्याला, घरी आलात तो दिवस. अब्बा बोटीवरून सुट्टीला आलेले होते आणि मला पुण्याला एमएस्सीला पाठवायचं की नाही यावर घरात नुसती शांतता होती, जी भांडणापेक्षा वाईट. तुम्ही न कळवता एसटीने आलात. अम्माची तारांबळ उडाली. हिंदू बाई, कॉलेजच्या मॅडम, आपल्याकडचं खातील की नाही. तिने पुडा फोडून बिस्किटं मांडली आणि लिंबाच्या सोड्याची बाटली आणायला शेजारी निरोप पाठवला. तुम्ही बिस्किटांकडे बघितलंत, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"आत मांदेली तळताय ना?"

अम्मा गोरीमोरी झाली. "हो, म्हणजे, तुमच्यासाठी नाय, ते आमचं..."

"मला इथपर्यंत वास येतोय आणि तुम्ही मला बिस्किटं देताय," तुम्ही म्हणालात आणि उठून सरळ आत गेलात. पाटावर बसलात. तांदळाची भाकरी, मांदेली, कैरी घातलेलं कोलंबीचं सार, शेवटी सांदणं. अम्मा वाढत होती आणि तुम्ही तिला प्रत्येक गोष्ट कशी केली ते विचारत होतात, आणि मला माहीत आहे की ते निव्वळ खूश करायला नव्हतं, कारण सांदणांचं पीठ कसं फुगतं यावर तुमचं आणि तिचं बोलणं इतकं लांबलं की अब्बांनी दोनदा खाकरून आठवण करून दिली. अम्मा ताडी घालून पीठ आंबवायची. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुम्ही रोज माझाच विषय करता."

मग अब्बांनी विचारलं. मोठ्या आवाजात नाही, खरंच समजत नसल्यासारखं. "मॅडम, मी दुनिया फिरलो. डॉक्टर बघितले, इंजिनिअर बघितले. चिखलातले जंतू शिकून पोरगी करणार काय?"

"मला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "काय करील ते मला खरंच माहीत नाही. पण ही बघते. सगळी मुलं सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि मला काय उत्तर हवंय ते सांगतात. ही समोर आहे तेवढंच सांगते. अशी मुलगी माझ्याकडे फार दिवसांनी आली."

अब्बा म्हणाले, "बोटीवर पण असा माणूस लुकआउटला ठेवतात." तेवढ्यावर माझं पुण्याला जाणं ठरलं. निघताना तुम्ही मला एक खोकं दिलंत. मला वाटलं पुस्तकं असतील. आत नवे गमबूट होते, माझ्या मापाचे. "पुण्यात चिखल कमी," तुम्ही म्हणालात, "पण सवय मोडू नये."

शेवटची भेट गुहागरला. तुम्ही निवृत्त होऊन तिकडच्या घरी राहायला गेला होतात, अंगणात सुपारी वाळत घातलेली होती आणि तुम्ही तिच्यावर पाय पडू नये म्हणून मला भिंतीच्या कडेकडेने आत नेलंत. केस पार पांढरे झाले होते. मी तोवर पीएचडीला लागले होते आणि माझ्या पिशवीत लॅपटॉप होता. तुम्हाला काहीतरी दाखवायची मला भलतीच घाई झाली होती. मी सांगत सुटले. आता काही वाढवायची गरज नाही, मॅडम. चिखल घ्यायचा, त्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकदम काढायचा, यंत्रावर वाचायचा आणि सॉफ्टवेअरने त्यातून एकेका जिवाणूचा संपूर्ण जीनोम वेगळा करायचा. प्लेट नको, ट्यूब नको. तेव्हा ती सॉफ्टवेअरं अगदी बाल्यावस्थेत होती, निम्म्या वेळी बंद पडायची, पण मला सगळं झालंच असं वाटत होतं. तुम्ही चष्मा लावून पडद्यावरची अक्षरं वाचलीत. बराच वेळ वाचत होतात. ए, टी, जी, सी, एवढंच होतं, पण तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचलंत.

"यात तो जिवंत आहे का नाही, ते कळतं?"

"नाही, मॅडम. मेलेल्याचाही डीएनए येतो."

"सरकताना दिसतो?"

"नाही."

"मग छान आहे," तुम्ही म्हणालात, "पण अर्धं झालं." आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण लगेच म्हणालात, "अगं, अर्धं म्हणजे खूप झालं. माझं तर तेवढंही झालं नाही." मग तुम्ही मला कोकम सरबत दिलंत आणि विषय बदललात. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या भाच्याचा फोन आला. तुम्ही आजारी होतात हेच मला माहीत नव्हतं.

मी परत आले त्याचं कारण लोकांना मी अम्माची तब्येत असं सांगते, आणि ते खरंही आहे. पण कॉलेजात रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी ओहोटी बघून भाट्याला गेले. पूल तोच, कांदळ वाढलेलं, मुळे खणणाऱ्या बायकांमध्ये आता तरुण कमी. पांढरा थर होता. जिथे तुम्ही दाखवला होतात त्याच वळणावर. मी त्यातलं थोडं आणलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावलं, आणि हट्टी सरकत होते, जसं काही मधे काही घडलंच नाही.

आता तुम्हाला सॉफ्टवेअरचं सांगायला हवं. तुम्ही समोर असता तर मासळीबाजारापासून सुरू केलं असतं. समजा सुरमई, घोळ, मोरी, सगळ्यांच्या तुकड्या करून एकाच टोपलीत कालवल्या, डोकी नाहीत, शेपट्या नाहीत. आता प्रत्येक मासा परत जोडायचा. चिखलातून निघालेला डीएनए असाच असतो, सगळ्यांचा एकत्र, बारीक बारीक तुकडे झालेला. एक सॉफ्टवेअर तुकड्यांची टोकं जुळवून त्यांचे लांब तुकडे करतं. दुसरं ठरवतं की कुठला तुकडा कुणाचा. त्याच्याकडे दोन खुणा असतात. एक म्हणजे पोत. ती चार अक्षरं मांडायची प्रत्येक जिवाची आपली लकब असते, जशी घोळीच्या आणि सुरमईच्या मांसाची धाटणी वेगळी. दुसरी खूण ऋतूंची. एकाच जागचा चिखल आम्ही पावसाआधी, पावसात, थंडीत, उन्हाळ्यात आणतो. जे तुकडे सगळ्या नमुन्यांत बरोबरीने वाढतात आणि बरोबरीनेच कमी होतात, ते एकाच जिवाचे असणार. मग तिसरं सॉफ्टवेअर तपासतं, की मासा पुरा झाला का, आणि त्यात दुसऱ्याचा तुकडा तर शिरला नाही ना. ही सगळी सॉफ्टवेअरं कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लिहितात आणि कुणीही वापरावीत म्हणून खुली ठेवतात. आमचा संगणकही आमचा नाही, दुसऱ्या शहरातला आहे, आम्ही इथून त्याला काम सांगतो. वीज गेली तरी ते चालूच राहतं. मी काम लावून घरी जाते, अम्माला जेवायला वाढते, आणि तिकडे कुठेतरी भाट्याचा चिखल जोडला जात असतो.

माझ्याबरोबर एक विद्यार्थिनी आहे, लांज्याची. वडिलांचा काजूचा कारखाना आहे, तिने तो सांभाळावा अशी त्यांची इच्छा, आणि ही इथे चिखलात. तुम्हाला फार आवडली असती, उलट उत्तरं देते. तिनेच हट्टींचा जीनोम पहिल्यांदा वेगळा केला. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं की जवळजवळ पूर्ण आहे आणि भेसळ अगदी कमी. मग आम्ही त्यातली जनुकं वाचायला बसलो, हा काय खातो, काय बनवतो, आणि एका दुपारी ती म्हणाली, "मॅडम, याला बी-ट्वेल्व्ह लागतं, पण स्वतः बनवता येत नाही. बनवायची जनुकंच नाहीत."

मी तिच्या मागे उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या ट्यूब आल्या. पहिल्या ट्यूबमध्ये चिखलाचा अंश असतो. चिखलात शेजारी असतात, ते हे जीवनसत्त्व बनवतात, हट्टी त्यांच्याकडून घेतात. दुसऱ्या ट्यूबमध्ये तो अंश पातळ होतो. तिसरीत संपतो. तुम्ही जो यीस्टचा अर्क घालत होतात त्यात बाकी सगळी जीवनसत्त्वं असतात, नेमकं हे जवळजवळ नसतं. मी स्टुलावर बसले, मॅडम.

आणि बसल्या बसल्या तुमचा आवाज ऐकू आला. नव्हती, की सापडली नाहीत? टोपलीतून एक मासा जोडला आणि त्यात एक तुकडा कमी पडला, तर तो माशात नव्हता, की दुसऱ्या माशात गेला? सॉफ्टवेअरने 'जवळजवळ पूर्ण' म्हटलं होतं. जे 'जवळजवळ'मधून सुटलं तेच हे असेल तर? मी तिला सांगितलं, दुसऱ्या सॉफ्टवेअरने करून बघ. तिने केलं, आणि दुसऱ्याने बी-ट्वेल्व्हची जनुकं असलेला तुकडा हट्टींच्याच गटात टाकला.

"एक म्हणतं आहेत, एक म्हणतं नाहीत," ती वैतागून म्हणाली. "आता ऐकायचं कोणाचं?"

"अजून कोणाचंच नको."

आम्ही तिसरं चालवलं, चौथं चालवलं, आणि जेवढी सॉफ्टवेअरं तेवढ्या हट्टींच्या गटाच्या सीमा. खरं सांगते, त्या दिवसांत मला कुठलं उत्तर हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. मग आम्ही तो एक तुकडा धरून सगळ्या ऋतूंचे नमुने परत बघितले. पावसात हट्टी कमी होतात, वरून गोडं पाणी येतं म्हणून असेल. हा तुकडा पावसात वाढत होता. तेव्हा तो शेजाऱ्याचा असावा असं वाटलं. पण 'वाटलं' यावर तुम्ही मला सही करू दिली नसतीत.

शेवटी कामाला आलं ते तुमचंच शिक्षण. काचेची नळी ज्योतीवर धरून ताणायची, केसासारखं टोक काढायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दोरा उचलून स्वच्छ अगारवरून ओढायचा, म्हणजे त्याला चिकटलेले बाकीचे घासून निघतात. तुम्ही मला हे माझा हात धरून शिकवलं होतंत, मी तिला तिचा हात धरून शिकवलं. पहिले कितीतरी दोरे तुटले. ती म्हणाली, "काजू सोलणं परवडलं." पण तिचा हात बसला. स्वच्छ केलेले दोरे तेवढेच घेऊन आम्ही त्यांचा डीएनए काढला आणि नव्या यंत्रावर वाचून घेतला, जे लांबलचक सलग तुकडे वाचतं. या वेळी जोडणारं सॉफ्टवेअर थांबलं तेव्हा जीनोम पूर्ण होता. टोकाला टोक मिळून, जिवाणूंचा असतो तसा, गोल बंद झाला होता, कुठे फट नाही. त्यात ती जनुकं नव्हती. आता मात्र 'नव्हती' असंच लिहिता येत होतं.

मग ट्यूब. तुमच्याच रीतीने, तळाला गंधक, वर पातळ अगार, तुमच्याच प्रमाणात. निम्म्या ट्यूबमध्ये तुम्ही घालायचात तेवढंच घातलं, निम्म्यांत वर बी-ट्वेल्व्हचा एक थेंब. पहिल्या फेरीत दोन्हीकडे पांढरी चकती धरली. दुसऱ्या फेरीत एकीकडे चकती दाट, दुसरीकडे अंधुक. तिसऱ्या फेरीच्या ट्यूब उघडायच्या दिवशी मी मुद्दाम वर्गावर गेले, तास लांबवला, मुलं कुजबुजायला लागली तरी शिकवत राहिले. परत आले तेव्हा लांज्याची मुलगी ट्यूबस्टँड खिडकीत उजेडाला धरून उभी होती. जीवनसत्त्वाच्या सगळ्या ट्यूबमध्ये चकती होती. बाकीच्या ट्यूब रिकाम्या होत्या, अगदी तशाच, जशा त्या मार्गदर्शकांनी उजेडात धरून परत ठेवल्या होत्या.

तिला वाटलं मी चकत्यांकडे बघतेय. मी रिकाम्या ट्यूबकडे बघत होते. त्या माझ्या हाताने लावल्या होत्या, नव्या प्रयोगशाळेत, गाळलेल्या हवेखाली, हातमोजे घालून, कल्पना करता येईल इतक्या स्वच्छ. आणि त्या तिसऱ्या फेरीतच गेल्या, तुमच्या गेल्या तशाच. तुमच्या हातात काही कमी नव्हतं, मॅडम. तुम्ही दोनदा हात धुतलेत, त्याची काही गरज नव्हती. हे मला त्या दिवशी मोठ्याने म्हणायचं होतं, पण ते ऐकणारं तिथे कोणी नव्हतं, म्हणून मी तिला एवढंच म्हणाले, "चौथी लाव." चौथी लागली, पाचवी लागली, आता आम्ही मोजत नाही. तुम्ही विचारलं होतंत ना, सरकताना दिसतो का. मी रोज सकाळी एका ट्यूबमधला थेंब काचपट्टीवर घेते आणि आधी तेच बघते. सरकतात.

आम्ही यावर लेख लिहिला. त्यात तुमचं नाव आहे, पद्धत जिथे सांगितली आहे तिथे आणि शेवटी आभारातही, पदवीशिवाय, कारण नसलेली पदवी लावलेली तुम्हाला चालली नसती. तिसऱ्या ट्यूबला कल्चर मरतं हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं होतं, ते स्पष्ट शब्दांत लिहिलंय. अम्माला मी सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम बरोबर होत्या?" मी हो म्हटलं. "मग सांग ना त्यांना," ती म्हणाली. तिला अलीकडे काही गोष्टी आठवत नाहीत. मी सांगते म्हटलं, आणि म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही. गुहागरच्या घरात आता भाच्याने भाडेकरू ठेवले आहेत, भली माणसं आहेत, पण त्यांच्या दारात हे पत्र पडून काय उपयोग.

एक सांगायचं राहिलं. नव्या जिवाणूला नाव द्यायचं असतं, आणि ते द्यायचा मान आमच्याकडे आला. लांज्याची मुलगी म्हणाली, "तुमच्या मॅडमचंच नाव देऊ या. लॅटिनमध्ये छान वाटेल." मी नको म्हटलं, खाडीचं नाव देऊ म्हटलं, आणि तसंच दिलं. तिने कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं की आमच्या मॅडमना असलं काही आवडलं नसतं. ते खोटं आहे. तुम्हाला फार आवडलं असतं, इतिहासाच्या सरांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना तुम्ही सांगत सुटला असतात. पण ट्यूब मरतात, मॅडम. आता कमी मरतात, तरी दर आठवड्याला एखादी जातेच, आणि ती गेली की ही मुलगी लेबलवरचं नाव मोठ्याने घेऊन दारातूनच सांगते, "ही मेली, दुसरी लावते." तुमच्या नावाने मला ते ऐकवलं नसतं.